गहाण पडलेली गिटार



आपल्या तरुणांनी ‘न्यूयॉर्क डॉल’ (२००५) हा ग्रेग व्हाइटली यांचा माहितीपट जरूर पाहावा, असे आम्हांला वाटते. त्याचा नायक आर्थर केन. १९७०च्या दशकात ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या रॉक बँडमध्ये तो बेस गिटार वाजवीत असे. काही वर्षांतच बँड फुटला. गायक डेव्हिड जोहान्सन पुढे सिनेमातही चमकला. आर्थरच्या वाट्याला मात्र दारू, हलाखी आणि या जुन्या सोबत्याविषयी मनात बसलेली अढी आली.

१९८९ मध्ये तो मॉर्मन पंथात गेला. (त्या पंथाची शिकवण आपल्या ख्रिस्तसभेची नव्हे, हे जाताजाता सांगायला हवे.) लॉस एंजेलिसला पंथाच्या वंशावळीच्या ग्रंथालयात तो काम करू लागला. कामावर जायचा तो बसने.

२००४ मध्ये गायक मॉरिसीने लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवासाठी बँडला पुन्हा बोलावले. पण आर्थरची गिटार तर गहाण पडलेली! ती सोडवायला त्याच्या उपासनामंडळीतल्या मित्रांनी पैसे दिले. हा प्रसंग आम्हांला फार भावला. एकेकाळी टाळ्या वाजवणारे कुठे होते कोण जाणे; मदतीला आले ते दर रविवारी शेजारी बसणारे.

इतक्या वर्षांनी जोहान्सन समोर आला आणि मनातली अढी सुटली. जूनमध्ये दोघे एकाच मंचावर उभे राहिले. लंडनहून परतल्यावर आर्थर पुन्हा ग्रंथालयात रुजू झाला. मग एक दिवस फ्लू समजून तो रुग्णालयात गेला, तर रक्ताचा कर्करोग निघाला. १३ जुलै २००४ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी तो वारला. लंडनच्या कार्यक्रमाला तेव्हा महिनाही झाला नव्हता.