मेंदूचा नकाशा काढायला निघण्याआधी

शाळेतून पुन्हा निरोप आला असेल: पोरगं बाकावर टिकत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतं. एडीएचडीचं निदान झालं, की पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगतंच, ‘पुण्याला मेंदूचा नकाशा काढतात. कोणतं औषध लागू पडेल ते आधीच कळतं.’ मग उसाचं बिल आलं की जायचं ठरतं. दादा, ताई, ते पैसे मोडण्याआधी जरा बोलू या.

ही आशा वेडी नाही. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा मुलांना उत्तेजक औषध दिलं आणि बरीच मुलं अभ्यासाला बसू लागली. तेव्हापासून ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, खूण शोधणं चालू आहे; पाहुणे सांगतात तो ‘नकाशा’ यावरूनच काढतात. २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लहरींचं गुणोत्तर मोजणारं एक यंत्र निदानाला जोड म्हणून मान्य केलं. २०१६ मध्ये तिथल्याच मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं बजावलं, की नेहमीच्या तपासणीऐवजी ते वापरू नका. औषधाच्या अंदाजाचं म्हणाल, तर २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात ३३६ मुलांना मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध दिलं. औषध लागू न पडण्याची खूण सापडली ती वयात आलेल्या मुलग्यांत. तुमची मुलगी चौथीत असेल, तर तिच्यासाठी त्यातून काय घेणार? शिवाय रात्री झोप झाली नसली तरी लहरी संथ होतात.

ईईजी खरोखर लागतो तो वेगळ्या शंकेसाठी. बोलता बोलता, जेवता जेवता मूल काही सेकंद एकटक थिजतं, हाक मारली तरी ऐकत नाही, आणि लगेच काही झालंच नाही असं वागतं का? तो फिटचा एक प्रकार असू शकतो. हे डॉक्टरांना नक्की सांगा, जमल्यास मोबाईलवर टिपून दाखवा.

औषधाचा निकाल मात्र औषध देऊनच लागतो. मिथाइलफेनिडेट दहापैकी साधारण सात मुलांना लागू पडतं. साधी गोळी तासाभरात काम करू लागते आणि चारेक तासांत उतरते, म्हणून ती लहान मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवता येते. ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाखालचं औषध आहे. मेडिकलवाला चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, त्यामुळे दोन प्रती मागा. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आधी वागणुकीचं प्रशिक्षण, तेही आई-बापांना.

मात्रा वाढवण्याच्या या आठवड्यांत एक वही ठेवा. सकाळचं बाई-गुरुजींना विचारा, कारण गोळीचा असर असतो तेव्हा मूल शाळेत असतं. भूक, झोप, वजन, चिडचिड लिहा. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात ती वही घेऊन जा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस ही हेल्पलाइन आहे. हे आणि मग दुसरं एखादं औषध नीट देऊनही फरक पडला नाही, तर मात्रा वाढवत बसण्याआधी डॉक्टरांना विचारा: कान तपासले का, रक्त कमी आहे का, झोपेत घोरतं का?