पळसनाथाचे देऊळ

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान पळसदेव नावाचे गाव लागते. गावाच्या पाठीशी उजनी धरणाचे पाणी दूरवर पसरलेले असते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. जलाशयाच्या एका तीरावर इंदापूर तालुक्यातील आणि दुसऱ्या तीरावर करमाळा तालुक्यातील गावे आहेत. जुने पळसदेव नदीच्या अगदी काठी वसलेले होते. धरणात पाणी साठू लागले तेव्हा ते गाव उठून वर आले. पळसनाथाचे प्राचीन देऊळ मात्र मागे राहिले. एरवी त्याचे शिखर तेवढे पाण्याबाहेर दिसते.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नव्हते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतके ओसरले की सबंध देऊळ उघडे पडले. ही वार्ता करमाळ्याच्या तीरावरील एका शाळेत पोहोचली, तेव्हा गुरुजींनी उन्हाळ्याच्या सुटीतच मुलांना तेथे नेण्याचे ठरविले. निघण्याच्या दिवशी एका विद्यार्थिनीची आजी एस. टी. थांब्यावर येऊन उभी राहिली.

“गुरुजी, मलाही नेता का? माझे माहेर तिथले,” ती म्हणाली.

“या ना, आजी. तुमच्याइतके ते गाव आम्हांला कोण दाखवणार?” गुरुजी म्हणाले.

टेंभुर्णी व इंदापूर यांवरून वळसा घेऊन मंडळी पळसदेवास आली. पुढे नदीच्या पात्रातून पायी जायचे होते. गाळ वाळून त्यास हातहात रुंद भेगा पडल्या होत्या. वाटेत शिंपले विखुरले होते. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी गाळपेर केली होती. आजी पुढे चालत होती. पडक्या जोत्यांपाशी ती थबके, इकडे तिकडे पाही आणि म्हणे, “हे आमचे आळे. इथून पाणी भरायला नदीवर जात होतो.” मुलांना तेथे केवळ दगडांच्या ओळी दिसत होत्या; आजीला तेथे घरे दिसत होती.

देवळापाशी येताच सर्वांनी पादत्राणे काढून ठेविली. काळ्या पाषाणाचे खांब, कोरीव द्वारशाखा आणि त्यांवर विटांचे शिखर अशी त्या वास्तूची रचना आहे. लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचून हे उंच शिखर साधले आहे. या पद्धतीस भूमिज शैली म्हणतात. गुरुजी म्हणाले, “मुलांनो, अशा देवळांस आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणण्याची रूढी आहे. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. दगडांना खाचा पाडून ते चुन्यावाचून एकमेकांत बसवायचे, हे या बांधणीचे वैशिष्ट्य. परंतु ही कला हेमाद्रीच्याही आधीपासून चालत आली होती, हे ध्यानात ठेवा.”

जवळच काही वीरगळ होते. एका शिळेवर खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरती शिवलिंगाची पूजा करणारा वीर कोरलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. जोवर चंद्रसूर्य आहेत, तोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. मुलांनी त्या चिखलाने माखलेल्या आकृतींवरून हळूच बोटे फिरविली.

गाभारा रिकामा होता. “आजी, देव कुठे गेला?” नातीने विचारले.

“देव आमच्याबरोबर आला, बाळ. वर नव्या गावात त्याचे देऊळ बांधले आहे. हे घर तेवढे नेता आले नाही.”

गुरुजींनी सांगितले, “इजिप्त देशात आस्वानचे धरण बांधताना अबू सिंबल येथील प्राचीन देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून, उंच जागी नेऊन पुन्हा उभी केली. त्या कामी अनेक राष्ट्रांनी साहाय्य केले. ते भाग्य प्रत्येक देवळाच्या वाट्यास येत नाही.”

इतक्यात एका मुलाने पडलेला कोरीव दगडाचा तुकडा उचलून पिशवीत घातला. आजीच्या ते दृष्टीस पडले. ती रागावली नाही. त्याला जवळ बसवून म्हणाली, “गाव उठले तेव्हा आम्ही घराच्या चौकटी नेल्या, वासे नेले. ते आमचे होते. हा दगड कुणाचा, सांग बरे?”

मुलगा निरुत्तर झाला. गुरुजी म्हणाले, “हा तुकडा येथे असला, तर उद्या एखादा अभ्यासक त्याची जागा शोधून काढील. तुझ्या घरच्या फळीवर तो नुसता दगड होईल.” मुलाने तुकडा बाहेर काढला आणि जेथून उचलला होता तेथेच, तसाच ठेविला.

परतताना एक मुलगी म्हणाली, “दर वर्षी असे पाणी ओसरले, तर किती छान होईल!”

ते ऐकून तो मुलगा प्रथमच बोलला. “आमच्या मोटारीचे पाणी तुटले आहे. बाबांनी पाण्यामागे पाइप वाढवत नेला, केबल वाढवली. आता पाइप उरला नाही. ऊस वाळतो आहे.”

सर्व मुले गप्प झाली. मग गुरुजींनी धरणाचा हिशेब समजावून सांगितला. “उजनीत सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यांपैकी सुमारे ६४ अब्ज घनफूट हा मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेले पाणी. वरचे सुमारे ५३ अब्ज घनफूट हे वापरायचे. वापराचे पाणी संपून मृतसाठ्यास हात लागला, की धरण ‘उणे’ झाले असे म्हणतात. सोलापूर शहराची तहान याच धरणावर भागते. शेतांना जाणारे कालवे यातूनच निघतात. आज आपण देऊळ पाहिले, ते या ‘उणे’मुळे.”

आजीने वळून शिखराकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाली, “देऊळ डोळे भरून पाहिले. पण ते पुन्हा दिसावे म्हणून धरण आटावे, असे मी मागणार नाही. इतक्या गावांनी आपली घरे पाण्याला दिली, ती पाणी असावे म्हणूनच ना?”

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टच्या आरंभी धरण भरले. गाभारा, मंडप आणि वीरगळ पुन्हा पाण्याखाली गेले. ती बातमी घेऊन नात धावत घरी आली, तेव्हा आजी काही बोलली नाही. तिने डबा काढला आणि नातीच्या हातावर चिमूटभर साखर ठेविली.

स्वाध्याय

१. मुलांना जेथे दगडांच्या ओळी दिसल्या, तेथे आजीला घरे का दिसली?
२. कोरीव तुकडा जागेवरच राहणे का आवश्यक होते?
३. धरण ‘उणे’ होणे म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. देऊळ पाण्याखाली गेल्याचे कळताच आजीने साखर का ठेविली असेल? दहा ओळींत लिहा.
५. आपल्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूस भेट द्या व गावातील वृद्ध माणसांकडून तिची माहिती मिळवून लिहून काढा.