चित्र दिसते, मग आवाज कोठे अडला?



चित्रपट पाहण्यासाठी संगणक एका बाजूने दूरचित्रवाणी संचाला आणि दुसऱ्या बाजूने ए. व्ही. रिसीव्हरला जोडला, पडद्यावर चित्र झकास उमटले, पण आवाजाचा मात्र पत्ता नाही, असा प्रकार घरोघरी आणि शाळांच्या सभागृहांतही घडतो. कधी संपूर्ण शांतता असते, तर कधी स्पीकरमधून नुसती फसफस ऐकू येते. मग 'रिसीव्हर जळला' असा निकाल लागतो आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. गंमत अशी, की अशा वेळी पुष्कळदा एकही भाग बिघडलेला नसतो. दोन यंत्रांची एकमेकांशी बोलण्याची भाषा जुळत नसते, एवढेच!

मग बिघाड खरा की भाषेचा घोटाळा, हे ओळखायचे कसे? स्क्रू पिळण्याआधी डोके चालवले, तर हे काम कोणालाही जमते. त्यासाठी आवाज संगणकातून स्पीकरपर्यंत कसा जातो, ते आधी पाहू या.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील कंपने. संगणकाला आकडे तेवढे कळतात. म्हणून ठराविक क्षणांनी त्या कंपनाची उंची मोजून तिची संख्या लिहून ठेवतात. या प्रत्येक मोजणीला 'नमुना' म्हणतात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो पुन्हा जसाच्या तसा उभा करायचा, तर त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. १९८२ साली सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली, तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे २ चा १६ वा घात करून येणाऱ्या ६५,५३६ पातळ्यांपैकी एक.

डाव्या व उजव्या अशा दोन वाटांचा हिशोब केला, तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिटे दर सेकंदाला लागतात. चित्रपटांच्या ध्वनीसाठी बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने घेतात.

आकड्यांचा प्रवास

हे आकडे रिसीव्हरकडे नेण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे एस/पीडीआयएफ. यातील 'एस' सोनीचा आणि 'पी' फिलिप्सचा. या पद्धतीत दोन प्रकारच्या केबली वापरतात. पहिली तांब्याची, ७५ ओहमची. तिच्यातून विजेचे स्पंद जातात. दुसरी प्लॅस्टिकच्या प्रकाशतंतूची. तिच्यातून तांबड्या प्रकाशाची उघडझाप जाते. हा दुसरा प्रकार तोशिबा कंपनीने १९८३ साली आणला, म्हणून त्याला टॉसलिंक म्हणतात.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. बिटे एकामागून एक येत असतील, तर एक बिट संपून दुसरे केव्हा सुरू झाले, हे रिसीव्हरला कसे कळते? त्यासाठी वेगळी तार तर नसते. युक्ती अशी : प्रत्येक बिटाच्या आरंभी संकेत बदलतोच बदलतो, म्हणजे उजेड असेल तर अंधार होतो व अंधार असेल तर उजेड. बिट १ असेल, तर मध्यावर आणखी एक बदल होतो. बिट ० असेल, तर मध्यावर बदल होत नाही. त्यामुळे माहिती आणि तिचा ठेका दोन्ही एकाच वाटेने जातात. रिसीव्हर आधी ठेका पकडतो आणि मग आकडे वाचू लागतो. ठेका पकडायला त्याला थोडा वेळ लागतो. गाण्याचा पहिलाच शब्द कधीकधी तुटतो, त्याचे हे कारण. तो बिघाड नव्हे.

आजच्या बहुतेक संगणकांत एचडीएमआय ही केबल असते. तिची पहिली आवृत्ती २००२ साली ठरली. चित्र आणि ध्वनी तिच्यातून बरोबरच जातात.

सहा वाटा, अरुंद दार

चित्रपटाचा ध्वनी पुष्कळदा '५.१' प्रकारचा असतो. म्हणजे पुढे तीन, बाजूला वा मागे दोन आणि खर्जाच्या आवाजासाठी एक, असे सहा स्पीकर. साधे नमुने पाठवायचे, तर ४८,००० × १६ × ६ = ४६,०८,००० बिटे दर सेकंदाला पाठवावी लागतील. एस/पीडीआयएफची योजना मात्र दोनच वाटांसाठी केलेली. तिच्यात १६ बिटांच्या हिशोबाने ४८,००० × १६ × २ = १५,३६,००० बिटेच मावतात.

यावर उपाय म्हणून ध्वनीचे 'गाठोडे' बांधतात. कानाला जाणवणार नाही असा तपशील वगळून डॉल्बी डिजिटल पद्धतीत सहाही वाटा आवळून बसवतात. डीव्हीडीवर असे गाठोडे सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांचे असते, म्हणजे मूळच्या सुमारे दहाव्या भागाएवढे. ते अरुंद दारातून सहज जाते. रिसीव्हर ते सोडतो आणि सहा स्पीकरांना त्यांचा त्यांचा आवाज देतो.

म्हणजे एकाच केबलमधून दोन भाषा जाऊ शकतात. एक 'साधे नमुने', ज्यांना पीसीएम म्हणतात, आणि दुसरी 'बांधलेले गाठोडे'. संगणकाने गाठोडे न सोडता तसेच पुढे पाठवावे, या सोयीला 'पासथ्रू' म्हणतात. सगळी गडबड होते ती येथेच.

गाठोड्याला हात लावू नका

समजा, तुम्ही संगणकावरचा आवाज निम्मा केला. संगणक काय करतो? प्रत्येक नमुन्याला २ ने भागतो. साध्या नमुन्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे, संगीत हळू ऐकू येते. पण गाठोड्यातील संख्या म्हणजे आवाजाची उंची नव्हे, ती सांकेतिक लिपी आहे. डॉल्बी डिजिटलच्या प्रत्येक गाठोड्याच्या आरंभी २,९३५ ही ठराविक संख्या खुणेसाठी ठेवलेली असते. तिला २ ने भागून पूर्णांक घेतला, की १,४६७ येते. अशा खुणा शोधणाऱ्या रिसीव्हरला ती सापडतच नाही. दूरध्वनी क्रमांकाला २ ने भागून फोन लावला, तर पलीकडचा माणूस हळू बोलत नाही, भलताच माणूस बोलतो. तसेच हे.

म्हणून नियम असा : पासथ्रू चालू असताना संगणकाची ध्वनिपातळी पूर्ण १०० टक्के ठेवावी आणि आवाज कमीजास्त करायचा तो रिसीव्हरवर. सेकंदाला ४८,००० ऐवजी ४४,१०० नमुने करण्याचा खटाटोपही संगणकाने करता कामा नये, कारण त्यानेही गाठोडे फाटते. चांगली चालक प्रणाली पासथ्रूच्या वेळी मिश्रणाचा टप्पा टाळून गाठोडे थेट बाहेर पाठवते. तेव्हा संगणकाचे इतर किरकोळ आवाज ऐकू आले नाहीत, तर घाबरू नका.

निम्मी वाट तपासा

आता शोध सुरू करू. ध्वनीच्या वाटेवर आठ टप्पे आहेत : (१) फाइल, (२) चित्रपट दाखवणारा प्रोग्राम, (३) चालक प्रणालीतील मिश्रण, (४) संगणकाचे निर्गम-द्वार, (५) केबल, (६) रिसीव्हरचे प्रवेश-द्वार, (७) गाठोडे सोडणारा भाग, (८) प्रवर्धक व स्पीकर.

पहिल्यापासून एकेक तपासत गेलो, तर सात तपासण्या कराव्या लागतील. त्यापेक्षा मधोमध पाहावे. चौथ्या टप्प्यापर्यंत सर्व ठीक असेल, तर दोष पुढच्या चारांत. मग त्या चारांचे दोन भाग, दोनांचा एक. तीन तपासण्यांत काम होते! दोष एकच असेल, तेव्हा ही रीत अचूक लागू पडते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलून आवाज आला, तर कशामुळे आला हे कधीच कळणार नाही.

टॉसलिंक असेल, तर मधली तपासणी अगदी सोपी. केबलचे रिसीव्हरकडील टोक काढून पांढऱ्या कागदाजवळ धरा. डोळ्यासमोर धरू नका. तांबडा ठिपका दिसला, तर संगणकाचा दिवा व केबल जिवंत आहेत. पण यावरून प्रकाशात लिहिलेला मजकूर बरोबर आहे, हे सिद्ध होत नाही. प्रयोगाने जेवढे सिद्ध होते तेवढेच मानावे.

लक्षणांवरून निदान

संपूर्ण शांतता : संगणकात ध्वनी बाहेर जाण्याची अनेक दारे असतात. साधे हेडफोन, एस/पीडीआयएफ, एचडीएमआय यांपैकी योग्य दार निवडले आहे का, ते पाहा. लिनक्सवर ते दार 'आयईसी ९५८' या नावाने दिसते व कधीकधी मुके केलेले असते. आल्सामिक्सर या प्रोग्राममध्ये 'एम' ही कळ दाबली, की ते बोलू लागते. नव्या टॉसलिंक केबलच्या टोकावर पारदर्शक टोपी असते, ती काढली का? रिसीव्हरवर योग्य प्रवेश-द्वार निवडले का?

गाणी वाजतात, चित्रपटाला फसफस किंवा शांतता : पलीकडच्या यंत्राला गाठोडे सोडता येत नाही, किंवा गाठोडे वाटेत फाटले.

सहांपैकी दोनच स्पीकर वाजतात : संगणक गाठोडे स्वतःच सोडून दोन वाटांचे साधे नमुने पाठवत आहे. पासथ्रू चालू करा. संगणकाचा ध्वनी दूरचित्रवाणी संचातून पुढे रिसीव्हरकडे जात असेल, तर अनेक संच दोनच वाटा पुढे पाठवतात. अशा वेळी संगणक थेट रिसीव्हरला जोडून पाहा.

एचडीएमआयवर ५.१ चा पर्यायच दिसत नाही : या केबलवर पलीकडचे यंत्र आपली कुवत संगणकाला कळवते. संगणक आधी चालू केला असेल, तर कधीकधी ही ओळख नीट होत नाही. प्रथम संच, नंतर रिसीव्हर, शेवटी संगणक, या क्रमाने चालू करा.

मधूनमधून खडखड : केबल हलवल्यावर होत असेल, तर दोष केबलचा. संगणक दुसऱ्या कामात गुंतला असताना होत असेल, तर नमुने वेळेवर पोचत नाहीत, दोष संगणकातील कामाच्या वाटपाचा. प्रकाशतंतू करकचून वाकवू नये. त्याला सैल वळण द्यावे.

सतत गुणगुण : ही बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची देणगी. ती आकड्यांत शिरू शकत नाही, तांब्याच्या केबलच्या बाहेरील वेष्टणातून, जमिनीच्या जोडणीच्या फेऱ्याने येते. टॉसलिंक लावून पाहा. प्रकाशतंतूतून वीज जात नाही, म्हणून गुणगुण थांबली तर कारण सापडलेच.

एक उदाहरण सोडवू

गाणी छान वाजतात, पण ५.१ चित्रपट लावला की फसफस येते. दोष कोठे? गाणी पोचली, म्हणजे टप्पे ४, ५, ६ आणि ८ ठीक. उरले १, २, ३ आणि ७. पासथ्रू बंद केले. चित्रपटाचा आवाज दोन स्पीकरांतून स्वच्छ आला. म्हणजे फाइल आणि प्रोग्राम ठीक. उरले ३ आणि ७. आता डीव्हीडी प्लेअर त्याच रिसीव्हरला जोडला. रिसीव्हरच्या पाटीवर 'डॉल्बी डिजिटल' ही अक्षरे उमटली आणि सहाही स्पीकर वाजले. म्हणजे ७ ठीक. राहिला टप्पा ३, चालक प्रणालीतील मिश्रण. पाहिले तर ध्वनिपातळी ६० टक्क्यांवर! ती १०० टक्के करून पासथ्रू पुन्हा चालू केले आणि आवाज सुरळीत झाला. खर्च शून्य. रिसीव्हर भंगारात जाण्यापासून वाचला.

सावधान!

तपासणीपूर्वी रिसीव्हरचा आवाज अगदी कमी ठेवा. फसफस पूर्ण जोराने येऊ शकते, तिने स्पीकर फाटतो आणि कानालाही इजा होते. रिसीव्हरचे झाकण मुळीच उघडू नका. आत २३० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत विद्युत्भार साठून राहतो. वरीलपैकी एकाही तपासणीला झाकण उघडावे लागत नाही, हे लक्षात आले ना?

करून पाहा

१. कॉम्पॅक्ट डिस्कवरील एका मिनिटाच्या संगीताला किती बिटे लागतात? ८ बिटांचा एक बाइट, तर किती बाइट?

२. १ ० १ १ ० ही बिटे वर सांगितलेल्या युक्तीने उजेड-अंधाराच्या आकृतीत काढा. एकूण किती वेळा बदल झाला?

३. वाटेवर १६ टप्पे असतील, तर निम्मी वाट तपासण्याच्या रीतीने किती तपासण्या लागतील?

४. वर्गात खेळा : एकाने अक्षरांऐवजी आकडे वापरून निरोप लिहावा, रांगेतील मधल्याने प्रत्येक आकडा निम्मा करावा, शेवटच्याने निरोप वाचून दाखवावा. मग त्याच रांगेतून एखाद्या आलेखाच्या उंचीचे आकडे पाठवा. निम्मे केल्यावर आलेखाचा आकार ओळखू येतो का? निरोप का ओळखू येत नाही? शिक्षकांनी या फरकावर चर्चा घ्यावी.

उत्तरे : (१) ८,४६,७२,००० बिटे, १,०५,८४,००० बाइट. (२) ८ वेळा : आरंभीचे ५ आणि मध्यावरचे ३. (३) ४.