पी.व्ही.सी. पाईपचे सांधे : सोल्युशन वापरताना घ्यावयाची काळजी



लागणीपूर्वी रान मोकळे असते तेव्हा ठिबकची, नाहीतर विहिरीवरून किंवा नदीवरून पाणी आणणारी पाईपलाईन गाडायची घाई असते. चर खणून होते, पाईप येतात, बेंड, टी, कप्लिंग येतात आणि सर्वांत शेवटी, दुकानदाराने आठवण करून दिली तर, सोल्युशनचा डबा येतो. सगळ्या खर्चात हा डबा सर्वांत स्वस्त. पण पाईपलाईन टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना आम्हाला असे प्लॉट दिसतात की मधल्याच चार-सहा सऱ्यांत ऊस पिवळा पडलेला, पायाखाली जमीन लिबलिबीत, आणि त्याच लाईनच्या शेवटाला मात्र ऊस माना टाकून उभा. सभासद म्हणतात, "साहेब, रोग आलाय, काय फवारू?" रोग कसला? उकरून पाहावे तर सांधा सुटलेला. वरून काही दिसत नाही, मोटर चालू असते, वीजबिल चालू असते आणि पाणी जमिनीत जात असते. खरे नुकसान होते ते एप्रिल-मे महिन्यात. वीज रात्रीची, पाण्याची पाळी ठरलेली, आणि नेमका त्याच रात्री सांधा उडतो.

सोल्युशनला आपण सर्रास गोंद समजतो, तिथेच घोटाळा होतो. फेविकॉल किंवा गोंद दोन वस्तूंच्या मध्ये थर होऊन बसतो व त्यांना धरून ठेवतो. सोल्युशनचे काम निराळे आहे. डब्यात असते ते पी.व्ही.सी.च, मात्र तीव्र द्रावकांत विरघळवलेले. टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन, सायक्लोहेक्झॅनोन अशी त्या द्रावकांची नावे आहेत. हे द्रावक पाईपचा बाहेरचा आणि कप्लिंगचा आतला पृष्ठभाग मऊ करतात. दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे उरतो तो एकजीव प्लॅस्टिक. लोखंडाला वेल्डिंग करतात तसाच हा प्रकार, फक्त विस्तवाशिवाय.

एवढे ध्यानात घेतले की पुढचे सगळे नियम आपोआप सुचतात. जे प्लॅस्टिक या द्रावकात मऊ होत नाही, ते सोल्युशनने जोडले जाणार नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या आणि एच.डी.पी.ई. पाईप पॉलिथिनचे असतात, त्यांना डबाभर सोल्युशन फासले तरी व्यर्थ. ठिबकच्या नळीला जॉइनर घालावा, एच.डी.पी.ई. पाईप तापवून वेल्ड करावा किंवा आवळायची फिटिंग वापरावी. सबमेनला भोक पाडून ग्रोमेट बसवतो, तिथेही काही जण सोल्युशन लावतात. ते रबर आहे, दाबून बसल्यानेच गळती थांबते. तिथे सोल्युशनचे काही काम नाही. रबर रिंगच्या पाईपचेही तसेच. रिंगला साबणाचे पाणी लावावे, ऑईल किंवा ग्रीस लावू नये.

दुसरे असे की सोल्युशन फट बुजवत नाही. पाईप कप्लिंगमध्ये कोरडाच घालून पाहावा. साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन तो घट्ट थांबला पाहिजे. सैलपणे तळापर्यंत जात असेल तर ती जोडी बदलावी. "जरा जास्त सोल्युशन घाला, बसेल" हे बरेच फिटर म्हणतात, त्यांना तिथेच थांबवावे.

आता प्रत्यक्ष काम. पाईप हॅक्सॉने काटकोनात कापावा. तिरका कापला तर एका बाजूला पकड कमी मिळते. कडेवरचे बूर कानशीने काढून बाहेरची कड थोडी उतरती करावी, नाहीतर पाईप आत जाताना तीच कड सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. कप्लिंगच्या खोलीइतकी खूण पेन्सिलीने पाईपवर करावी. टोकाची चकाकी पॉलिश पेपरने मोडावी आणि कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावे. आपल्याकडे चरातली माती हाताला लागलेली असते आणि तोच हात टोकावरून फिरतो. माती, तेल, पाणी यांतले काहीही मध्ये राहिले की तेवढी जागा जुळत नाही.

सोल्युशन बोटाने किंवा काडीने लावू नये. ब्रश घ्यावा, आणि तो पाईपच्या व्यासाच्या निम्म्या रुंदीचा असावा. ११० मि.मी. पाईपला दोन इंची ब्रश बरा. आधी कप्लिंगच्या आत पातळ हात, मग पाईपवर खुणेपर्यंत भरपूर हात. आत थारोळे साचू देऊ नये, साचलेला द्रावक पाईपची भिंत मऊ करीत राहतो व तिथेच पुढे पाईप फुगतो. दोन्ही बाजू ओल्या असतानाच पाईप पाव फेरा फिरवीत खुणेपर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. धरला नाही तर निमुळत्या कप्लिंगमधून तो हळूच मागे सरकतो. मोठ्या पाईपला दोन माणसे लागतात. बाहेर आलेले सोल्युशन पुसून घ्यावे. त्यानंतर मात्र "जरा सरळ करू" म्हणून पिळू नये.

भर दुपारी हे काम टाळावे. उन्हात सोल्युशनवर लगेच साय धरते आणि दोन सुकलेले थर एकमेकांवर बसतात. बाहेरून सांधा चांगला दिसतो, आत मात्र काही जुळलेले नसते. शिवाय पी.व्ही.सी. तापले की वाढते. १०० मीटर लाईनचे तापमान २० अंशांनी उतरले तर ती सुमारे १४ सें.मी. आखडते. दुपारी ताणून बसवलेली लाईन पहाटे सांध्यांना ओढ देते, ती यामुळेच. चरात पाईप किंचित नागमोडी ठेवावा आणि माती सकाळच्या गारव्यात लोटावी. पावसाच्या भुरभुरीत तर जोडकाम करूच नये.

मोटर चालू करण्याची घाई सर्वांत वाईट. सांधा हाताला पाच-दहा मिनिटांत घट्ट लागतो, पण आतला द्रावक अजून उडालेला नसतो. किमान २४ तास दाब देऊ नये. दाब म्हणजे किती, तेही सांगतो. ११० मि.मी. लाईनमध्ये ४ किलोचा दाब असेल, तर शेवटच्या एंड कॅपला सुमारे ३८० किलोचा रेटा बसतो, म्हणजे साखरेची ५० किलोची साडेसात पोती. काटकोनी बेंडला त्याहून जास्त. ओला सांधा एवढे कसे पेलणार? म्हणून बेंड, टी आणि एंड कॅपच्या पाठीशी काँक्रीटचा ठोकळा घालावा. चाचणी घेताना व्हॉल्व्ह हळू उघडून आतली हवा निघू द्यावी, आणि सांधे पाहून होईपर्यंत त्यांच्यावर माती लोटू नये.

डब्याबद्दल थोडे. पाईपवर आय.एस. ४९८५ आणि सोल्युशनवर आय.एस. १४१८२ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. जेलीसारखे घट्ट झालेले सोल्युशन टाकून द्यावे, थिनर घालून पातळ करू नये. झाकण प्रत्येक वेळी लावावे. ही वाफ पेट घेते, म्हणून चरात उतरलेल्या माणसाच्या तोंडात विडी नको.

पाचट पेटवून पाईपचे टोक तापवायचे आणि दुसऱ्यावर ठोकायचे, ही पद्धत अजून वस्त्यांवर चालते. कप्लिंगचे पैसे वाचतात खरे. पण ताणलेल्या टोकाची भिंत पातळ होते, एका बाजूने करपते, आणि लाईन पुढे तिथेच फाटते. आम्ही ही पद्धत मुळीच सुचवणार नाही.

जुनी लाईन फुटली तर चिरेवर सोल्युशन ओतून ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा त्या रात्रीपुरता उपाय. नंतर तेवढा तुकडा कापून नवा घालावा. अडचण अशी की गाडलेला पाईप मागे सरकत नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर उकरले की पाईप थोडा उचलून वाकवता येतो व तुकडा दोन कप्लिंगांत बसतो. कापल्यावर आतले पाणी ठिबकत राहते, म्हणून सांध्याखाली हातभर खड्डा घ्यावा, पाणी त्यात उतरते. टोक पूर्ण कोरडे झाल्याशिवाय डबा उघडू नये.

नवी लाईन घालणाऱ्या सभासदांनी विहिरीपासून प्लॉटपर्यंतचे अंतर, पाणी किती उंच चढवायचे ती उंची आणि मोटरची अश्वशक्ती लिहून आपल्या गट कार्यालयात आणावी. पाईप किती किलो दाबाचा घ्यावा हे त्यावरून काढून देता येते.