खरे तारण

आपल्या सातारा-सांगलीचे एक नवल आहे. महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळतो. तिथून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतला माणसे आभाळाकडे बघत बसतात.

अशा कोरड्या गावात शेतकरी कर्ज काढतो. विहीर खणतो. पंप बसवतो. दोन वर्षे बरी जातात. मग शेजारीही खणतो. विहिरी वाढल्या, पण जमिनीच्या पोटातले पाणी वाढले का? नाही. मग विहिरी आटतात. कर्जाचा हप्ता मात्र आटत नाही!

म्हणून आधी पाणी मुरवावे, मग उपसावे.

नाबार्ड ही शेतीच्या आणि खेड्यांच्या विकासाची बँक आहे. ती १२ जुलै १९८२ रोजी सुरू झाली. ती आपल्या हातात कर्ज देत नाही. ती जिल्हा बँकेला पैसा पुरवते. जिल्हा बँक सोसायटीला देते. सोसायटी आपल्याला देते. नदीचे पाणी पाटात, पाटाचे शेतात, तसेच हे.

ही बँक पाणी मुरवायलाही मदत करते. १९९२ साली जर्मनीच्या विकास बँकेच्या मदतीने नाबार्डने महाराष्ट्रात पाणलोटाचे काम सुरू केले. काम डोंगरमाथ्यापासून करायचे. आधी वर चर आणि झाडे, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यात बंधारे. धावते पाणी चालते करायचे, चालते पाणी थांबवायचे. पण गावाला अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

कोणी विचारील, "मग आमची शेरडं-मेंढरं कुठं न्यायची?" प्रश्न रास्त आहे. डोंगराचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा. बंद भागातले गवत कापून आणावे. ज्याला रान नाही, त्याचा वाटा सभेत आधी ठरवावा.

आता कृष्णाकाठी चला. तिथे उलटेच घडले. उसाला भरमसाट पाणी दिले. पाण्याचा निचरा झाला नाही. जमिनीतले क्षार वर आले. सांगली जिल्ह्यातली कितीतरी काळी जमीन अशी क्षारपड झाली. अशा रानात काय पिकणार? आणि हप्ता कसा फिटणार?

बँक सातबारा बघते. पण खरे तारण कागद नव्हे. जिवंत माती आणि मुरलेले पाणी हेच खरे तारण. ते राखले, तर कर्ज फिटते आणि घरही वर येते.

विचार करा:
१. आपल्या गावात विहिरी किती? त्यांना पाणी किती महिने असते?
२. पावसाचे पाणी गावाबाहेर कुठून वाहून जाते?