शहरांची मैत्री व आपला कोळसा

राष्ट्राराष्ट्रांमधील तहांविषयीं आपण इतिहासांत वाचतों. परंतु शहरेंही एकमेकांशीं सहकार्याचे करार करतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कोळसा कोठेंही जळो, त्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु साऱ्या पृथ्वीच्या वातावरणांत मिसळतो व उष्णता अडवून धरतो. तो सरहद्द जाणत नाहीं. म्हणून एकट्या शहराचा प्रयत्न अपुरा पडतो.

हें ओळखून २००५ सालीं लंडनच्या महापौरांच्या पुढाकारानें १८ मोठ्या शहरांचे प्रतिनिधी एकत्र आले. पुढच्या वर्षीं शहरांची संख्या ४० झाली, म्हणून या संघास ‘सी-४०’ हें नांव पडलें. आज त्यांत सुमारें शंभर शहरें आहेत. मुंबई २०२० च्या डिसेंबरांत सामील झाली.

या संघाजवळ कायदा करण्याचा अधिकार नाहीं. त्याचें खरें बळ हिशोबांत आहे. प्रत्येक शहर आपल्या वायूंचा जमाखर्च एकाच पद्धतीनें मांडतें, आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्यास उपयोगी पडतो. ऑस्लो शहरानें २०१६ सालीं पैशाच्या अंदाजपत्रकाबरोबर वायूंचेंही अंदाजपत्रक मांडलें. कोणत्या खात्यानें काय करावयाचें व त्यानें किती वायु कमी होईल, हें त्यांत लिहिलेलें असतें. त्याच वाटेनें जाऊन मुंबई महानगरपालिकेनें जून २०२४ मध्यें आपलें पहिलें हवामान-अंदाजपत्रक प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं, मार्च २०२२ मध्यें, २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा आराखडा तिनें जाहीर केला होता. त्या आराखड्याप्रमाणें २०१९ सालीं मुंबईचें उत्सर्जन सुमारें २ कोटी ३४ लक्ष टन होतें. पैकीं सुमारें ७२ टक्के ऊर्जेच्या वापरामुळें.

या हिशोबांतील एक नियम आम्हां वरोरेकरांस विशेष महत्त्वाचा आहे. वीज शहराच्या हद्दीबाहेर तयार झाली, तरी तिचा वायु वापरणाऱ्या शहराच्या खातीं लिहावयाचा. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची शक्ति २९२० मेगावॉट आहे. तेथून ठाणे जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची विद्युत्‌वाहिनी जाते. दिवा तिकडे लागतो. राख मात्र इकडे राहते. कागदावर वायु शहराच्या नांवें चढला, तरी राख उचलणें, पाणी स्वच्छ ठेवणें हें काम येथेंच करावें लागतें.

दुसरी गोष्ट पोटाची आहे. वरोऱ्याची सरकारी कोळशाची खाण १९०६ सालीं बंद झाली. खाण कायमची नसते, हा धडा आपल्या गांवानें फार पूर्वींच घेतला आहे. उद्यां शहरांनीं कोळशाची वीज घेणें कमी केलें, तर खाणींतील व केंद्रांतील कामगारांनीं काय करावें? शहरांच्या मैत्रींत या प्रश्नासही जागा असली पाहिजे. नाहीं तर एकाची स्वच्छ हवा ही दुसऱ्याची बेकारी ठरेल.

हिशोबाची ही विद्या घरींही शिकतां येते. वडिलांकडून विजेचें बिल मागून घ्या व त्यांतील युनिटें पाहा. आपल्या देशांत एका युनिटामागें सरासरी सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १०० युनिटांस ७० किलो. वर्षभर आंकडे वहींत टिपा व दोन घरांचे आंकडे ताडून पाहा. मोठ्या शहरांनीं याहून निराळें असें काय केलें आहे?