वरातीची घोडी आणि आशियाई सुवर्ण

मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, भातखाचरांना लागून आमचा छोटा तबेला आहे. शनिवार-रविवार ठाण्या-कल्याणची मुलं येतात, एरवी आजूबाजूच्या गावांतली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारातलं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर थेट तेव्हा मिळालं. संघात मुंबईचा हृदय छेडा होता, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदिप्ती हजेला. तेव्हापासून नवीन पालक आले की पहिला प्रश्न ठरलेला: "ते घोडा नाचवतात, ते शिकवता का?" त्या दर्जाचा घोडा माझ्याकडे नाही, येण्याचा संभवही नाही. तरी शिकवता शिकवता जे हाती लागलं, ते सांगते.

१. वरातीशी गल्लत करू नका.

लग्नसराईत आमच्याकडे बँजोच्या तालावर घोडी नाचते. मोबाइलवर कुणी ड्रेसाजमधला पियाफ दाखवला की आमच्या गावचे घोडीवाले दादा म्हणतात, "ताई, ह्यात काय एवढं? आमची लक्ष्मी पण करते." वरवर पाहिलं तर त्यांचं खोटं नाही. पण दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बघा. वरातीच्या घोडीचं तोंड लगामाने ताणलेलं असतं, मान उंच, पाठ खाली दबलेली, मागचे पाय मागेच रेंगाळतात. पियाफमध्ये मागचा भाग खाली बसतो, मागचे पाय पोटाखाली येतात, पाठ उचलली जाते आणि घोडं पुढून हलकं होतं. दुडकीच असते ती, जवळजवळ जागच्या जागी, पण ठेका मोडत नाही. एक घोडी काठीच्या आठवणीने पाय उचलते. दुसरीच्या अंगात तेवढी ताकद यायला वर्षं जातात.

गंमत म्हणजे हांगझोऊच्या त्या सांघिक परीक्षेत पियाफ नव्हताच. चौखुरात दर चौथ्या आणि मग दर तिसऱ्या झेपेला पुढचा पाय बदलणं, तिरकं चालणं, चौखुरातच लहान वर्तुळात वळणं, असल्या गोष्टी होत्या. टाळ्या पडाव्यात असं त्यात फारसं काही नाही.

काठीवरून गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वालेग्रो घोड्यावर ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली ब्रिटनची शार्लट दुजार्डिन २०२४ च्या पॅरिसला गेलीच नाही, कारण शिकवताना घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा तिचा व्हिडिओ बाहेर आला. पुढे तिच्यावर वर्षभराची बंदी आली.

२. आधी मांड, मग लगाम.

नवीन मुलाच्या हाती मी लगाम देत नाही. घोडी लांब दोरीवर गोल फिरते, पोरगं रिकिबीशिवाय बसतं, हात कमरेवर. पहिले काही दिवस मुलं वैतागतात, आया त्याहून जास्त. मग एखाद्या सकाळी पोर नुसता श्वास सोडून खोगिरात खोल बसतं, घोडीचा एक कान मागे वळतो आणि चाल आपोआप आखडते. दोरी मी ओढलेली नसते. ते त्या पोराला एकदा कळलं की मला पुढे फारसं बोलावं लागत नाही.

मांड पक्की असली की काय होतं बघा: डेन्मार्कच्या लिस हार्टेलचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे होते, घोड्यावर चढवायला माणूस लागे. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने पुरुषांच्या बरोबरीने उतरून ड्रेसाजचं रौप्य नेलं.

३. मागितलं ते मिळालं की लगेच सोडा. टाच लागली, घोडं सरकलं, टाच सुटली पाहिजे. दाबतच राहिलात तर घोडं ऐकणं बंद करतं.

४. पाऊस तुमच्या वेळापत्रकाला विचारत नाही.

स्पर्धेचं मैदान २० बाय ६० मीटर, वाळूचं. आमचं मैदान म्हणजे भात कापल्यावरचं खाचर, चुन्याने आखलेलं; कडेला तेलाच्या डब्यांवर अक्षरं रंगवलेली. दिवाळीपासून मेपर्यंत चालतं. जून लागला की गुडघाभर चिखल, आणि खरी परीक्षा तबेल्यात. ओल्यात उभं राहिलं की खुराच्या तळव्यातली मऊ गादी काळी पडते, वास सुटतो. रोज उकरून कोरडी करावीच लागते. शेजारी म्हशींचा गोठा असेल तर गोमाश्या चावतात आणि सर्रा होतो. ताप येतो-जातो, घोडं सुकत जातं, पोटाखाली सूज उतरते. अशा वेळी अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस न घालवता रक्त तपासून घ्यावं. भाताचा पेंढा इथे मुबलक, पण त्यावर घोडं कामाला उभं राहत नाही. आमचा चारा जुन्नरकडून माळशेज उतरून येतो आणि पावसात घाटात दरड आली की बसा हात चोळत. म्हणून मे संपायच्या आत गंजी भरलेली हवी.

५. गुण दशांशात जातात.

प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, त्यांची टक्केवारी. संघात चौघांपैकी तिघांचे सर्वोत्तम धरतात. हांगझोऊला अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६, बेरीज २०९.२०५. चीन २०४.८८२ वर, हाँगकाँग २०४.८५२ वर. दुसऱ्या-तिसऱ्यात ०.०३ चा फरक! म्हणून कोपरा नीट न वळणाऱ्या पोराला मी परत मागे पाठवते.

वैयक्तिक अंतिम फेरीत हृदयचं एमराल्ड घोडं बाद झालं, पुढच्या पायावर रक्त दिसलं म्हणून. आदल्या फेरीत तो आघाडीवर होता. नियम कठोर आहे, मला तो योग्यच वाटतो. त्या दिवशी अनुषने एट्रोवर ७३.०३० गुणांनी कांस्य मिळवलं.

६. खर्चाचं पालकांना पहिल्याच दिवशी सांगावं.

हे सुवर्ण युरोपात घडलं. अनुष सतराव्या वर्षी जर्मनीला गेला, ह्युबर्टस श्मिट यांच्याकडे शिकला. संघाचे घोडेही युरोपातच होते. आखेनला विलगीकरणात राहून ते चीनला गेले. पॅरिस ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये उतरलेला अनुष पहिला भारतीय, ६६.४४४ गुण, अंतिम फेरी हुकली. म्हणजे इतकं करूनही पुढे केवढी चढण आहे ते बघा. नाल सापडली म्हणून घोडा घेण्यातला हा खेळ नाही. ज्यांना परवडतं त्यांनी पुढे मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लबकडे चौकशी करावी. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या पोरांनाही मी शिकवते. फी म्हणून सकाळी सहाला येऊन खरारा करायचा, लीद काढायची. आमच्याकडची सगळ्यात पक्की मांड याच पोरांची आहे, आणि त्यातली एक मुलगी आता वरातीच्या लक्ष्मीला लांब दोरीवर मान खाली सोडून चालायला शिकवते आहे. दादा रोज येऊन बघतात. अजून काही बोललेले नाहीत, पण मागच्या आठवड्यात काटेरी लगाम त्यांनी स्वतःच काढून ठेवला.